डावा तळहात

कापसाचे दिवस आले की माझा डावा तळहात खाजायला लागतो. डॉक्टर म्हणतात, वय झालं, कातडी कोरडी पडते. पडत असेल. पण ती नेमकी दिवाळीनंतरच कशी पडते, परभणीच्या रस्त्याला कापसाच्या गाड्या लागल्यावर आणि कडेच्या बाभळींच्या काट्यांना पांढरे पुंजके अडकल्यावरच कशी पडते, हे त्यांना सांगता येत नाही. मला येतं. तळहाताच्या मधोमध एक काळपट डाग आहे, बोराएवढा. तो मला माझ्या मायनं दिला. बायका आईची आठवण म्हणून पाटल्या जपतात. माझ्याकडे हा डाग आहे.

आम्ही पेडगावचे. निजामाचं राज्य होतं, लढाईचे दिवस होते, राकेल मिळत नव्हतं आणि घरची ज्वारी सरकार लेव्ही म्हणून भरून न्यायचं. घरात आम्ही चौघं: आप्पा, माय, आप्पांची थोरली विधवा बहीण म्हणजे आत्याबाई, आणि मी. जमिनीत माती कमी आणि दगड जास्त. म्हणून कापसाच्या मोसमात आप्पा परभणीच्या एका जीनमध्ये कामाला जायचे. जीन म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना. रांगेनं रेचे, म्हणजे सरकी काढायची यंत्रं, मांडलेले, वर लांबलचक पट्टा फिरतोय, आणि हवेत इतकी रुई की माणूस खोकला तरी पांढरं पडायचं. आठवड्यानं आप्पा घरी येत तेव्हा त्यांच्या भुवया म्हाताऱ्याच्या झालेल्या असत. मी ओल्या फडक्यानं त्या पुसून त्यांना परत तरणं करायची. मग ते मला दोन्ही हातांनी वर उचलायचे. दोन्ही हातांनी उचलल्याची आठवण तेवढीच आहे, तिच्यापुढची नाही.

रेच्यात कापूस अडकला तर तो काठीनं पुढं सारायचा असतो. आप्पांनी हातानं सारला. सगळेच हातानं सारायचे, काठी शोधायला वेळ जातो. आधी बोटं आत गेली, मग पंजा. सरकारी दवाखान्यात डावा हात मनगटाच्या वरून कापला. जीनमध्ये पुढं काय झालं ते गावातल्याच एका हमालानं येऊन सांगितलं. रक्त लागलेली रुई वेगळी काढली, रेचा धुतला, आणि जेवणाच्या सुट्टीनंतर त्याच रेच्यावर दुसरा माणूस बसवला. "लय येळ बंद न्हाई ठिवला," तो आत्याबाईला धीर दिल्यासारखं म्हणाला. मालकानं एक घोंगडी पाठवली. आत्याबाई म्हणाली, परत धाडा. मायनं ठेवून घेतली. थंडी होती.

खरी कळ घरी आल्यावर सुरू झाली, आणि ती हाताची नव्हती.

आम्ही लिंगायत. गळ्यातल्या डबीत इष्टलिंग असतं. सकाळी अंघोळ झाली की ते काढायचं, डाव्या तळहातावर ठेवायचं आणि उजव्या हातानं त्याच्यावर पाणी, भस्म, बेल वाहायचा. आमच्या देवाला देऊळ लागत नाही, माणसाचा तळहात लागतो. पूजा झाल्याशिवाय आप्पांच्या तोंडात घास जात नसे. दवाखान्यात शुद्ध नसताना कुणी चमच्यानं पेज पाजली होती, तर शुद्धीवर आल्यावर त्या बाईला त्यांनी शिव्या दिल्या. तिथं असेपर्यंत ते गळ्यातल्या डबीला हात लावून नुसते मंत्र म्हणायचे आणि मगच पेज घ्यायचे.

घरी आल्यावरच्या पहिल्या सकाळी आप्पा पाटावर बसले. दातांनी डबीची गाठ सोडली. म्हणाले, "डावा अंगठा लय खाजायलाय गं." आत्याबाई रडायला लागली. गेलेला हात त्यांना लागत होता. बोटं मिटलेली कळत होती, उघडलेली कळत होती. त्यांनी उजव्या हातानं लिंग काढलं, डोळे मिटले, आणि रोजच्या सवयीनं ते डाव्या तळहातावर ठेवलं.

टक् असा आवाज झाला. लिंग पाटावर आपटून चुलीकडं घरंगळत गेलं.

आप्पांनी डोळे उघडले तेव्हा खाली पाहिलंच नाही. जिथं तळहात असायला हवा होता त्या मोकळ्या जागेकडं पाहत राहिले. अंगावरचं लिंग भुईवर पडणं हे आमच्याकडं मरणाएवढं. जुनी माणसं त्यापायी अन्न सोडून जीव द्यायची, असं ऐकतच आम्ही लहानाचे मोठे झालेलो. धावत जाऊन जंगमस्वामींना आणलं. स्वामी म्हणजे आमचे गुरू, गावातले सगळे विधी त्यांच्या शब्दावर चालायचे. त्यांनी शुद्धी केली आणि सांगितलं, "पुन्हा असं व्हायला नगं. घरातल्या कुना लिंगवाल्याच्या तळहातावर ठिवून पूजा करा."

आत्याबाईची बोटं सांध्याच्या दुखण्यानं वाकडी झालेली, तळहात सरळ होत नव्हता. माय तांबडं फुटायच्या आत दुसऱ्यांच्या रानात वेचणीला जायची. आता घर तिच्या मजुरीवर होतं.

"गिरजा हाय की," आत्याबाई म्हणाली. गिरजा म्हणजे मी.

मग मी माझ्या बापाचा डावा हात झाले. पौषातल्या थंडीत न्हाऊन, कुडकुडत, त्यांच्या डाव्या अंगाला चिकटून बसायचं आणि तळहात पुढं धरायचा. लिंग लहान असतं, पण हात लांबवून धरलं की दगडाच्या पाट्यासारखं जड होतं. वरून गार पाण्याची धार. बोटं निळी पडायची. हात हलला की उजव्या हाताची चापट कानाखाली बसायची, मंत्र न थांबवता. आप्पा वाईट नव्हते. भेदरलेले होते, आणि भेदरलेल्या माणसाच्या हाताखाली राहणं फार वाईट असतं. पूजा दिवसेंदिवस लांबत गेली. एकदा हात मिळाल्यावर तो पूजेपुरता कशाला? भाकरी मोडायला गिरजा. धोतराची गाठ मारायला गिरजा. पाठ खाजवायला, तंबाखू मळायला गिरजा. त्यांना स्वतःला करता आलं असतं असलंसुद्धा त्यांनी सोडून दिलं. आत्याबाई तर घास तोंडात भरवायची आणि म्हणायची, "माझं लेकरू ते, थोटं झालं बिचारं." चाळिशीचा बाप्या तोंड उघडून घास घ्यायचा.

गावातल्या उर्दू शाळेत मास्तरांनी मला मुलांच्या मागं ओट्यावर बसू दिलं होतं. अलिफ-बे पुरं झालं होतं, अक्षराला अक्षर जोडायची ती जोडाक्षरं लागली होती. ती शाळा सुटली. पाण्याला गेले की पोरं ओरडायची, "ए डावी! बापाचं नाक पुसून आलीस का?" माझं नाव डावीच पडलं. मोठी माणसंही म्हणायची, प्रेमानं म्हणायची, ते जास्त लागायचं.

परवा एका संस्थेनं मला पाहुणी म्हणून बोलावलं होतं. अपघातात हातपाय गेलेल्यांना तिथं पुन्हा उभं करतात. भिंतीवर मोठ्या अक्षरांत 'पुनर्वसन' लिहिलेलं. एक ट्रकवाला दादा एका हातानं सदऱ्याचं बटण लावत होता. काजात येऊन येऊन बटण निसटत होतं, त्याला घाम फुटला होता. माझा हात आपोआप पुढं गेला. तिथली शिकवणारी मुलगी, जेमतेम पंचविशीची, मला म्हणाली, "मॅडम, हात मागं घ्या." आवाजात माया नव्हती. दादा शिवी देऊन म्हणाला, "लई खडूस हाय ही." ती म्हणाली, "आहेच. लावा." मी तिच्या चेहऱ्याकडं बघत राहिले. पुढं माझं भाषण झालं, त्यात मी काय बोलले ते मलाच आठवत नाही. तो चेहरा मी आधी पाहिला होता. मायच्या चेहऱ्यावर रुईचे तंतू चिकटलेले असायचे, एवढाच फरक.

हात गेला त्याच्या पुढच्या मोसमातली गोष्ट. शाळेचे मास्तर घरी आले. आप्पा ओसरीत बसलेले, मी त्यांच्या डाव्या अंगाला, माझ्या जागेवर. मास्तर म्हणाले, "गिरजेला परत पाठवा. डोकं तेज आहे. पुढं परभणीला मुलींच्या शाळेत घेतील."

"हिला कुठं धाडू मास्तर? हिचा हात मला लागतो."

"आज लागतो. उद्या लग्न करून सासरी जाईलच की."

"लगीन करायचंच न्हाई मला हिचं," आप्पा शांतपणे म्हणाले. "ही गेली म्हंजी माझा हात गेला. एकदा गेला तेवढा बास झाला."

माय नुकतीच रानातून आली होती. ओटीतला घरचा मूठभर कापूस कोपऱ्यात रिकामा करत होती. तिनं मान वर केली नाही. तिचे हात मात्र कापसातच थांबले.

दुसऱ्या दिवशी ती पूजा होईपर्यंत थांबली आणि मला रानात घेऊन गेली. दुपारी बाया भाकरी खाऊन लवंडल्या, तेव्हा तिनं बांधावर पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांचा, जाळ केला. पदराच्या गाठीतून बिब्बा काढला. पायाच्या भेगांत भरायला तो घरात असायचाच. बाभळीच्या काट्याला टोचून तिनं तो जाळावर धरला, काळं तेल सुटलं.

"हात कर," ती म्हणाली.

मी डावा हात पुढं केला. मला तीच सवय होती.

कुंकू लावावं तसं, पण बोट न टेकवता, काट्याच्याच टोकानं तिनं ते तेल तळहाताच्या मधोमध लावलं. आधी काहीच झालं नाही. संध्याकाळी आग सुरू झाली. सकाळपर्यंत तळहातावर टपोरा फोड आला, बोटं सुजून मिटेनात. मी किंचाळत होते. आप्पा पाटावर बसून हाका मारत होते, "गिरजे, ये, ऊन वर आलं." मायनं माझा हात मनगटाला धरून त्यांच्या डोळ्यांपुढं नेला.

"ह्याच्यावर ठिवता का देव? ठिवा. फुटला की पू ईल."

आत्याबाईनं कपाळ बडवून घेतलं. "कसाब हायस का गं तू? पोटच्या लेकराला डागलंस?"

"डागलं," माय म्हणाली. "वळू देवाला सोडताना डागत्यात ना, तसं डागलं. सोडलं तिला. आता तिला कुनी दाव्याला बांधायचं न्हाई."

"मग तुझा हात दे," आप्पा म्हणाले.

"माझे दोन्ही भाकरीत हायत."

त्या दिवशी आप्पा जेवले नाहीत. मायनं येसराची आमटी केली. तिचा वास घरभर सुटला. भाकरी मोडून ती त्यांच्यासमोर बसून जेवली, हळूहळू, बोटं चाटून. "भूक लागली तर पूजा करा," म्हणाली. "पूजा करायची तर हात करा."

"हात कुठून आनू? तुझ्या बापाच्या घरून?"

"कोपरापासून म्होरं एवढा थोरला हात हाय. जीननं पंजा नेला, तुमी सगळाच दिऊन बसलात."

आप्पांनी पितळी तांब्या उचलला आणि तिला फेकून मारला. तो कपाळाला लागला, रक्त आलं. तिनं तांब्या उचलला, भरला, परत त्यांच्या पुढ्यात ठेवला. "नेम चांगला हाय," म्हणाली. "म्हंजी उजवा शाबूत हाय."

दुसराही दिवस तसाच गेला. आप्पांचे गाल बसले. आत्याबाई दारोदार जाऊन सांगत सुटली की भावजय माझ्या भावाला उपाशी मारायली. बाया आमच्या दारावरून जाताना थुंकायच्या. शेवटी आत्याबाईनंच स्वामींना बोलावून आणलं, की त्यांनी मायला चार शब्द सुनवावेत. स्वामींनी सुनवले. मायनं सगळं ऐकून घेतलं, मग विचारलं, "स्वामी, कोपराम्होरच्या हातावर देव ठिवला तर चालंल का?"

"तळहात म्हंजी तळहात, बाई. दुसऱ्याचा का असंना. देवाची बैठक तीच."

"यांचा तळहात जीनमधी ऱ्हायलाय. तिथं जाऊन पूजा करावी म्हनता?"

स्वामींनी उपरणं झटकलं. उठताना आप्पांना म्हणाले, "करा काय करायचं ते. पर ह्या येळी पडलं, तर शुद्धीला मला बोलवू नका."

ही परवानगी होती की शाप, मला आजही नक्की सांगता येत नाही. आप्पांचा चेहरा पांढराफटक पडला. पुन्हा पडलं तर पुढं अन्नाला शिवायचं नाही, एवढाच अर्थ त्यांना कळला होता. मायलाही कळला होता. ती बाहेर गेली आणि पऱ्हाटीची हिरवी बोंडं ओटीत घेऊन आली.

"बोंडाला बूड नसतं. हे ठरलं तर देव ठरंल."

आप्पा मांडी घालून बसले. थोटा हात गुडघ्यावर उताणा ठेवला. टोकाची कातडी लालसर, चकचकीत, भाजल्यासारखी. मायनं एक बोंड त्यांच्या उजव्या हातात दिलं. त्यांनी ते डाव्या हाताच्या आतल्या बाजूला ठेवलं. घरंगळलं.

"पडलं," माय म्हणाली.

मी उचलायला वाकले. "गिरजे, उचलायचं न्हाई. त्यांचं ते उचलतील."

ठेवलं. पडलं. वाकून उचललं. ठेवलं. पडलं. प्रत्येक वेळी ती नुसतं "पडलं" म्हणायची, माप मोजणाऱ्या माणसासारखं. एकदा आप्पा रडले. अगदी उघडं, नाक गळेपर्यंत. आत्याबाई पदर घेऊन पुढं झाली तर माय आडवी आली. "उजव्या हातानं पुसतील." त्यांनी पुसलं. नंतर त्यांना कधीतरी उमगलं की हात आखडून धरला की बोंड पळतं, आणि कोपर बरगडीला टेकवून हात सैल सोडला की मांसाला आपोआप एक खळगा पडतो. बोंड त्या खळग्यात बसलं. हललं, पण राहिलं. मायनं दुसरं, जास्त गोल बोंड दिलं.

सकाळी आप्पा न्हाऊन पाटावर बसले. माय त्या दिवशी वेचणीला गेली नाही, दाराला टेकून उभी होती. आत्याबाईनं भिंतीकडं तोंड केलं. माझा हात फडक्यात बांधलेला, आणि तरीही फडक्यातल्या फडक्यात माझी बोटं सरळ व्हायला बघत होती. आप्पांनी दातांनी गाठ सोडली. लिंग काढलं. कोपर बरगडीला लावलं. ह्या वेळी त्यांनी डोळे मिटले नाहीत. पुढंही आयुष्यात कधी डोळे मिटून पूजा केली नाही. ठेवलं. पाणी घातलं. धार खालच्या कातडीवरून ओघळून थोट्या टोकावरून टपटपत राहिली. भस्म लावलं. बेल वाहिला. आमच्या घरात एवढी शांतता मी पुन्हा अनुभवली नाही, मयतीतसुद्धा नाही.

मग ते जेवले. अधाशासारखे जेवले आणि अंगणात जाऊन ओकले. माय म्हणाली, "हळू खायला बी शिकवू का?"

त्या सबंध मोसमात आप्पा तिच्याशी बोलले नाहीत. ती शेजारणीला सांगायची, "बोलायला हात लागत न्हाई, तरी बोलनात."

न बोलताच ते तिच्या मागं वेचणीला जायला लागले. वेचणी म्हणजे बायांचं काम. पहिल्या दिवशी ओळीतून हसू फुटलं. "आलं गं बाई, अर्ध गडी आलं! दाजी, ओटीला गाठ कुनी मारली? अक्कानं?"

"दातानं मारलीया," आप्पा म्हणाले. "म्होरं ये, तुझ्या तोंडालाबी मारतो."

बाया हसत सुटल्या. माय वाकलेलीच होती, पण तिची पाठ हसताना मी पाहिली. आप्पा उजव्या हातानं बोंडातला कापूस ओढायचे आणि थोट्यानं ओटीत दाबायचे. पऱ्हाटीच्या वाळक्या टोकांनी तिथली कातडी फाटायची, रक्ताचे ठिपके कापसाला लागायचे. लागलेला कापूस माय वेगळा काढायला लावायची. जीनमध्ये काढला होता तसाच. मला तेव्हा तिचा फार राग यायचा. माझा फोड फुटला होता, वाळत होता, काळा पडत होता, आणि मी पुन्हा ओट्यावर बसून जोडाक्षरं गिरवत होते. राग आणि जोडाक्षरं एकदमच शिकले म्हणा.

आज मी त्या मोसमाचा विचार करते तेव्हा मायला कुणी तरी थोडी माया दाखवायला शिकवायला हवं होतं, असं मला वाटतं. बिब्बा लावल्याशिवाय दुसरा रस्ता नव्हताच, असं म्हणून मी तिला देवी करणार नाही. लेकराचा हात जळताना बघणारी बाई होती ती. पण आत्याबाईची माया आणि मायचा बिब्बा, दोन्ही मी अंगावर घेतलंय. त्या मायेनं आप्पा तोंड उघडून बसले होते.

पुढं त्यांनी बैलगाडी धरली. कासरा थोट्या हाताच्या कोपराला गुंडाळायचे, चाबूक उजव्यात. गावाचा कापूस परभणीला न्यायला लागले. मुलींच्या शाळेत माझं नाव घातलं त्या दिवशी कापसाच्या गाडीवर, कापसाच्याच ढिगावर बसून मी परभणीला गेले. वाटेत ती जीन लागली. पट्ट्याचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. आप्पांनी बैल थांबवले नाहीत, हाकललेही नाहीत. रस्त्याच्या कडेला एकदा थुंकले. शाळेच्या दारात माझी पत्र्याची पेटी उतरवायला मी हात पुढं केला.

"हात मागं घे," ते म्हणाले.

उजव्या हातानं कडी धरून, थोट्या हातावर पेटी तोलून त्यांनी ती खाली ठेवली. मग माझा डावा हात उलटा करून तळहातावरचा डाग पाहिला. गाडी वळवली.

निजामाचं राज्य गेलं तेव्हा मी त्या शाळेत वरच्या वर्गात होते. आप्पा त्यानंतर बरीच वर्षं जगले. शेवटच्या सकाळीही त्यांनी पूजा स्वतःच्याच हातावर केली, आणि लिंग पुन्हा कधी पडलं नाही. मी बी.ए. झाले. आमच्या घराण्यातली पहिली.